हिरवी नळी आणि वाय-फायचा पासवर्ड

आमच्या वसाहतीत पाण्याच्या पाइपलाइनआधी इंटरनेटची फायबर आली. बायपासच्या पलीकडं, जिथं काही वर्षांपूर्वी बाजरी उभी असायची, तिथं गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पडले, घरं झाली, शाळेच्या बसही फिरू लागल्या. महापालिकेचं पाणी मात्र येणार येणार म्हणत राहिलं. दुष्काळाच्या त्या दोन उन्हाळ्यांत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याच्या मनात असेल तर. इंटरनेट चोवीस तास धो धो.

शेजारच्या काकांच्या बोअरला पाणी होतं. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे अजिंठ्याकडचे. काकू जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगा-सून पुण्याला होते. रोज सकाळी अर्धा तास ते कंपाउंडच्या भिंतीवरून एक हिरवी नळी आमच्या अंगणात सोडायचे आणि आमची टाकी भरायची. नुसतं घेत राहणं बरं दिसेना, म्हणून आम्ही त्यांना आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला. राउटरसुद्धा त्यांच्या बाजूच्या खिडकीत नेऊन ठेवला. इकडून नेट, तिकडून पाणी. वर्षभरात हे इतकं अंगवळणी पडलं, की नळी रोज लक्षात राहिली आणि दिलेला पासवर्ड मी साफ विसरून गेलो.

मुलीची अकरावी संपली आणि बारावीचे जादा वर्ग उन्हाळ्यातच सुरू झाले, तेव्हा कॉलेजात पालकांची सभा झाली. तिथं एका सरांनी मोबाईलचे धोके एकेक करून सांगितले. रविवारी मी राउटरचं ॲप उघडून बसलो. कोणत्या प्रकारच्या साइट घरात उघडू द्यायच्या नाहीत, याची त्यात यादी होती. मी विमा कचेरीत कारकुनी करणारा माणूस, यादी दिसली की शेवटपर्यंत जाणारा. सगळ्याच रकान्यांवर खूण केली.

दुपारपर्यंत बायकोची केकची साइट बंद पडली. बहुधा कुठल्यातरी केकात वाइन असावी. माझा क्रिकेटचा स्कोअरही जुगारात जमा झाला.

"अहो, पाण्याचे तर वांधे आहेतच," बायको म्हणाली, "आता नेटपण टँकरनं आणायचं का?"

मी त्या दोन्ही साइट लगेच मोकळ्या केल्या. बाकीचं सगळं बंदच ठेवलं. स्वतःला लागणारं तेवढं सोडवून घेतलं आणि उरलेल्याला शिस्त म्हटलं, हे तेव्हा मला दिसलं नाही.

ते ॲप दर शुक्रवारी एक अहवाल पाठवायचं. कोणत्या फोनवर काय अडवलं, किती वेळा. पहिले दोन अहवाल कोरडे गेले. तिसऱ्यात लिहिलं होतं: डेटिंग आणि जोडीदार, एकोणीस वेळा. सगळं दुपारचं, मुलगी कॉलेजातून आल्यानंतरचं. फोनच्या जागी नुसतं कंपनीचं नाव होतं, आणि त्या कंपनीचा फोन आमच्या घरात एकट्या तिच्याकडंच होता.

संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. आधी अभ्यासाबद्दल बोललो, मग वयाबद्दल, मग अहवाल पुढं केला. तिनं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"बाबा, ही मी नाहीये."

"मग कोण आहे?"

तिनं तोंड उघडलं, खिडकीकडं पाहिलं आणि पुन्हा मिटलं. म्हणाली, मला नाही सांगता येणार. मी त्या गप्प बसण्याला कबुली समजलो आणि म्हणालो, तुझ्यावर विश्वास ठेवला ही माझी चूक झाली. हे वाक्य मी आजही मनात खोडतो, पण जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती घरी आली की फोन फ्रीजवर ठेवायची. स्क्रीन वर, कुलूप काढलेला. सकाळी निघताना उचलायची. बायको मला म्हणाली, पोरगी असली-नसली सारखीच झालीय, काय केलंत तुम्ही? मला वाटलं, लागतेय वळणाला.

पुढच्या शुक्रवारी अहवाल आला. पुन्हा तेच, बारा वेळा, दुपारीच. आणि दुपारभर तिचा फोन फ्रीजवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नळी सोडली आणि ते भिंतीशी घुटमळले.

"साहेब, तुमचं नेट अलीकडं मधीच अडतंय का वो? एक साइट उघडंना झालीय."

"कोणती, काका?"

काकांनी नळी नीटच होती तरी पुन्हा नीट केली. "असू द्या. लई काय महत्त्वाचं नाय."

बादली हातात धरून मी उभा राहिलो. गेल्या दिवाळीत काकांना नवा फोन घ्यायचा होता, तेव्हा माझीच मुलगी त्यांच्यासोबत औरंगपुऱ्याच्या बाजारात गेली होती. माझ्यासारखाच घ्या काका, अडलं तर मला दाखवता येईल, असं तिनंच त्यांना सांगितलं होतं.

आता खरी कबुली. मी तिला त्या दिवशी काही सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मनाला समजावलं, की वडीलधाऱ्या माणसाची खाजगी बाब आहे, ती झाकायला हवी. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मुलीला सांगितलं तर ते बायकोला कळेल, बायको हसेल, हसू भिंतीपलीकडं जाईल, आणि दर शुक्रवारी मी त्यांच्या फोनचा हिशोब वाचतो हे काकांना समजेल. मग नळी कोण सोडणार? मे महिना होता आणि टँकर लागोपाठ दोनदा चुकला होता. मी तो एक रकाना गुपचूप मोकळा केला आणि गुपचूप टाकी भरत राहिलो. बारा दिवस. सकाळी पाणी, संध्याकाळी फ्रीजवर फोन.

तेराव्या दिवशी तिच्या सराव परीक्षेचा निकाल लागणार होता. ती फ्रीजपाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, निकाल बघायचाय. फोन घेऊ का?" कचेरीत आम्ही साहेबांकडं रजा मागतो, तसा आवाज.

मी सगळं सांगून टाकलं. टाकीचंसुद्धा.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "लग्न जुळवायची साइट उघडेना म्हणून काका माझ्याकडंच आले होते. कुणाला सांगू नको, लोक हसतील म्हणाले. मी शब्द दिला होता."

"मी इतकं बोललो तेव्हा तरी सांगायचंस."

"तेव्हा सांगितलं असतं तर शब्द कशाला म्हणायचं?"

एकच गुपित आम्ही दोघांनी सांभाळलं होतं. तिनं शब्दासाठी, मी हजार लिटरच्या टाकीसाठी. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, आता काकांनापण सांगा.

सकाळी भिंतीशी जाऊन काकांना सगळं सांगितलं. काकांनी नळीवरचा हात काढला.

"म्हंजे तुम्हाला समदं दिसतंय?"

"दिसत होतं. काल अहवाल बंद केला."

"आन् पोरीला बोलले ते?"

"माफी मागितली."

काकांनी बोअर बंद केली, नळी गोळा केली आणि ते आत गेले. टाकी निम्मीच भरली होती. दुसऱ्या दिवशी नळी आली नाही. आम्ही कपडे धुवायचे टाळले. नळी बंद झाली, हे मला योग्यच वाटलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. नऊ वाजता काकांनी हाक मारली, मला नाही, मुलीला. त्यांच्या हातात नळी होती आणि काखेत वही. नळी त्यांनी तिच्या हातात दिली, तिनं माझ्याकडं दिली आणि भिंतीवर वही ठेवून त्यांचा बायोडाटा लिहायला घेतला. वय, शिक्षण, पेन्शन. मी टाकीशी उभा राहून ऐकत होतो.

"काका, इतर माहितीत काय लिहू?"

"लिही, घर सोताचं. बोअरला बारमाही पाणी."

"शेजार चांगला, असं लिहू?"

काकांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "पोरगी तर चांगली हाय."