एक उडी आणि लेन्सवरचं बटण

दिवेआगरला जायचं सायलीने ठरवलं आणि मी हो म्हटलं ते समुद्रासाठी नाही, तिच्या कॅमेऱ्यासाठी. सायली माझी धाकटी जाऊ. आमच्या वरच्या मजल्यावर राहते. गेल्या दिवाळीत माझ्या दिराने तिला डीएसएलआर घेऊन दिला. सेकंडहँड, पण डीएसएलआर. मी आठ वर्षं आमच्या ह्यांच्या मागे लागले होते आणि "मोबाइल आहे की" हे एकच उत्तर ऐकत होते. घरातली बारशी, साखरपुडे, हळदी, सगळे फोटो माझ्या मोबाइलवरचे. हा ब्लॉगही त्याच्यावरच चालतो. दिवाळीनंतर मात्र जो तो म्हणायला लागला, "सायली, तुझ्या कॅमेऱ्यावर काढ." मला राग आला असं तेव्हा कुणाला म्हटलं नाही. इथे म्हणते, आला.

उरणहून सकाळी सहाला निघालो. गाडी सायलीच चालवते, हेही एक. पेण, अलिबाग, मुरुड असं किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात तर वळणं फार आणि मधेमधे खड्डे, पण आगरदांड्याला गाडीसकट बोटीत चढून पलीकडे दिघीला उतरता येतं. तिथून दिवेआगर पाऊण तासावर. सुट्टीच्या दिवशी बोटीला रांग लागते, तेव्हा लवकर पोहोचा आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

बोटीत सायलीने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि आमच्यातलं नातंच बदललं. सहकुटुंब निघालेले एक काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्याडम, आमचा पन एक काढा ना. मोबाइलवर पाठवा मंग."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी जरा बाजूला व्हा. फोटोत येताव."

मी झाले बाजूला. तरी फोटोच्या कडेला माझं कोपर आलंच. सायली हसली. "ताई, ह्याच्या खिडकीतून सगळं दिसतच नाही. कडेचं थोडं जास्तीचं येतं फोटोत."

पहिला कॅमेरा घ्यायचा विचार असलेल्यांनी हे लक्षात ठेवा. स्वस्तातल्या डीएसएलआरमध्ये डोळा लावून जेवढं दिसतं त्याहून फोटो थोडा मोठा येतो. बाकी यंत्र गुणाचं. प्लास्टिकचं अंग, त्यामुळे हलकं. सोबत येणारी लेन्स रुंद वाडीही घेते आणि चेहराही. वरच्या चकतीवर हिरवी खूण असते, तिथे ठेवलं की सगळं कॅमेराच ठरवतो. बटण दाबून धरलं की सेकंदाला चार-पाच फोटो निघतात. आणि त्यात एक शिकवणीही असते, ती स्क्रीनवर सांगते की धावणारं माणूस टिपायला काय करायचं, मागचं धूसर कसं करायचं. सायली त्यातलं काही वाचत नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर तिच्या खांद्यावरून डोकावून मीच सगळं वाचलं. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, असली माझी गत.

मुक्काम एका वाडीतल्या काकूंकडे होता. खोली स्वच्छ, जेवण सांगून ठेवावं लागतं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आणि मागितलेत तर उकडीचे मोदक. काकूंनी कॅमेरा पाहून सायलीला दोन मोदक जास्त वाढले. मला तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी उतरवायला रामादादा आले. पन्नाशीचे, काटक, कंबरेला कोयती. इथे एका पोफळीवर चढलं की खाली उतरायचं नाही, अशी जुनी रीत. वरच्या वर झाड झुलवायचं, पलीकडचं धरायचं आणि त्याच्यावर जायचं.

"आधी वाडीच्या ह्या टोकाला चढलो का त्या टोकाला उतरायचो," दादा म्हणाले. "वादलानी मधली झाडा नेली. नवीन लावल्यात, पन ती अजून बारकी हायत. एकच उडी उरलीय, त्या कोपऱ्यात."

"उद्या परत माराल?" सायलीने विचारलं.

"न्हाय. त्या दोन झाडांतला एक पोखारलाय. आज उतरवला का उद्या तोडनार."

म्हणजे उडी एकदाच, आणि शेवटची. मला ती हवी होती. मोबाइल काढून मी कोपऱ्यात काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सायली म्हणाली, "ताई, आधी तुमच्या हातातली सुपारी घेते." तिने हातभर अंतरावरून माझ्या तळहातावरच्या केशरी सुपारीचा फोटो काढला. मग, "जरा धरा हं, ओढणी खोचते," म्हणून कॅमेरा माझ्या हातात दिला.

लेन्सच्या डाव्या बाजूला एक छोटं बटण असतं. 'ए'वर असलं की कॅमेरा आपला आपण नेम, म्हणजे फोकस, धरतो. 'एम'वर नेलं की कडं हाताने फिरवावं लागतं, नाहीतर नेम आधी जिथे होता तिथेच राहतो. हे मी आदल्या संध्याकाळी वाचलं होतं. सायलीने वाचलं नव्हतं.

मी अंगठ्याने ते बटण 'एम'वर सरकवलं. चुकून नाही.

आम्ही दोघी खाली बसलो, मी तिच्यापुढे हातभरावर, आणि तिने माझ्या डोक्यावरून कॅमेरा वर रोखला. दादांनी पोफळ झुलवली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या झोक्याला पलीकडची धरून ते तिच्यावर गेले. सायलीने बटण दाबूनच धरलं होतं. माझ्या मोबाइलवर नुसत्या झावळ्या आल्या. तिच्या छोट्या स्क्रीनवर उन्हात काही धड दिसत नव्हतं, तरी ती म्हणाली, "ताई, मिळाला." परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ गाणी लावून होती.

घरी आल्यावर तिने फोटो लॅपटॉपवर उघडले आणि मला वर बोलावलं. उडीचे सहा फोटो. सहाही धूसर, दादा म्हणजे आभाळातला एक डाग. तिसऱ्या फोटोच्या खालच्या कडेला मात्र मी होते, अगदी स्वच्छ. खिडकीतून न दिसणारा तो कडेचा भाग, आणि नेम अजून सुपारीच्याच अंतरावर. मागे धूसर काकू वर बघतायत, आणि मी वळून बघतेय कॅमेऱ्याकडे. कशी, ते लिहीत नाही. फोटो खाली आहे.

"बटण माझ्याच हातून सरकलं असणार," सायली म्हणाली. "मला मेलीला बघायला नको? तुम्ही मात्र काय क्लिअर आलात, ताई."

मी चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी वर गेले आणि सांगितलं. तिने लॅपटॉप बंद केला, परत उघडला, तो फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिली. चहा विचारला नाही, आणि तिच्या घरात हे पहिल्यांदाच.

"ब्लॉगवर हे सगळं लिहिणार?"

"लिहिणार."

"मग हा फोटो लावा. आणि खाली नाव माझं टाका."

टाकलंय. दादांची ती पोफळ आता तोडलीही असेल, आणि उडीचा धड फोटो कुणाकडेच नाही. माझा मात्र इतका खरा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. तोही तिनेच काढावा, हे अजून बोचतं.

छायाचित्र: सायली.