टाकीच्या पोटातला गॅस

कारखाना सुटला तरी किस्से काही सुटत नाहीत! ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या एका केमिकल कारखान्यात मी मीटर दुरुस्त करायचो. तिथले चार जुने लोक भेटले की एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो आणि चहा निवून जातो. पण टाकी तपासली त्या आठवड्याचा विषय निघाला की मी अजून चहाच्या निमित्तानं उठतो.

*

शांताराम घाग आमचा ऑपरेटर, संगमेश्वरकडचा. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय म्हणजे लिहिलंय! एकदा आगीची तालीम होती. भोंगा वाजला, सगळे मैदानात. हा आतच!

"मेल्या, पळ की!" मी खिडकीतून ओरडलो.

"आधी टाकीतली ढवळणी बंद करायची, मग पळायचं. तसं लिहिलंय!"

*

आणि नेमका याच्याच पाळीत माल कच्चा राहायला लागला. मोठ्या टाकीत तेल ढवळत ठेवून खालून हायड्रोजन सोडायचा. तो नीट मिसळला की माल तयार. इतरांचा व्हायचा, शांतारामचा नाही.

तिसरी बॅच गेली तसे आमचे मॅनेजर सोमणसाहेब सगळ्यांसमोर कडाडले, "आणखी एक बिघडली की घागनं घरी बसायचं!"

नव्या घराचं चिऱ्याचं जोतं नुकतंच बांधून झालं होतं शांतारामचं. 

*

मग मुंबईहून परांजपे नावाचा तज्ज्ञ आला, जीपमध्ये शिशाची पेटी घेऊन. आत किरण सोडणारा एक दाणा. टाकीच्या एका बाजूला दाणा, दुसऱ्या बाजूला किरण मोजणारं यंत्र, आणि दोन्ही दोरीनं वीत वीत वर चढवायची. तेलातून किरण कमी येतात, गॅसमधून जास्त. आकडे कागदावर मांडले की टाकीच्या पोटात कुठे गॅस, कुठे तेल, त्याचं चित्रच!

कॅन्टीनमधल्या काकूंनी बांगडे झाकून ठेवले. "किरण पडले तर खाणार कोण?" आणि सोमणसाहेब इतके लांब उभे, की हुकूम शिपायाबरोबर पाठवत होते!

*

पहिलं चित्र शांतारामच्या पाळीत. त्यानं तक्त्याप्रमाणे गॅसचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. परांजपे ठिपके जोडत गेला आणि त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"ढवळणीच्या पंख्याभोवती नुसता गॅस! पंखा तेल ढवळतच नाहीये. गॅस मधूनच सरळ वर जातोय."

"म्हणजे यानंच घोळ घातला!" सोमणसाहेब म्हणाले.

शांतारामचा चेहरा पांढराफटक. 

*

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ऑपरेटरची, भिकाजीची पाळी. शांतारामलाही साहेबांनी बोलावून घेतलं होतं. चित्र सुरेख आलं, बुडबुडे पार कडेपर्यंत पसरलेले.

"आज गॅस किती सोडलाय?" परांजपेनं विचारलं.

भिकाजीनं वही पुढे केली. कालचाच आकडा!

"शक्यच नाही! मग चित्रही कालचंच यायला हवं."

 मी हळूच गॅसच्या मीटरकडे बघितलं. काटा कालच्या निम्म्यावर! सांगायला हवं होतं. पण मी मूग गिळून गप्प बसलो. लाज वाटते अजून.

शेवटी भिकाजीच पुढे आला. त्यानं वही मिटली.

"साहेब, आम्ही व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो. घाग सोडून सगळेच. पुरा उघडला की माल बिघडतो. वहीत तक्त्यातला आकडा लिहितो."

तो तक्ता खुद्द सोमणसाहेबांनी केलेला! साहेब लालबुंद झाले.

"खोट्या नोंदी? एकेकाला आजच्या आज काढीन!" आणि गर्रकन शांतारामकडे वळले. "तुला माहीत होतं हे?"

"होतं."

"मी तुला काढायला निघालो, तरी बोलला नाहीस?"

"माझी एकट्याचीच नोकरी जात होती ना, साहेब!"