सिस्टरांचा शुक्रवारचा वर्ग

आमच्या सिस्टर पेशंटच्या घरी गेल्या की आधी तब्येत विचारत नसत. सरळ स्वयंपाकघरात शिरत, डबे उघडून बघत आणि एखाद्या डब्यात लाडू सापडला की, "वहिनी, पाक मस्त जमला बरं!" अशी दाद देत. मधुमेहावर मार्गदर्शन करायला आलेली बाई लाडवाचं कौतुक करते म्हटल्यावर घरातले आधी चक्रावत आणि मग मोकळेपणाने बोलू लागत.

सिस्टर नागपूरच्या. बहरीनमध्ये, मनामाच्या एका इस्पितळात त्यांनी अठरा वर्षं नर्सिंग केलं. मधुमेहापायी पाय गमावलेली माणसं बघून त्यांचा जीव विटला होता. "भाऊ, माणूस माह्याकडे येते तोवर उशीर झालेला असते. आधीच कोणी त्याच्या घरी जाऊन बोललं असतं तर?" असं त्या म्हणत. पन्नाशीत त्यांनी नोकरी सोडली आणि हेल्थ कोचिंगचा स्वतःचा व्यवसाय काढला. नव्या व्हिसाची मुदत वर्षाची. तेवढ्यात जम बसला नाही तर गाशा गुंडाळून नागपूर. मी अकाउंटंट, काळजी करणं माझ्या रक्तातच. "कसं व्हायचं?" मी विचारायचो. उत्तर ठरलेलं, "होते ना भाऊ! काऊन नाही होत?"

त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि बहरीनमध्ये गाडीवाचून पान हलत नाही. त्यामुळे त्यांचा पहिला पेशंट मी आणि ड्रायव्हरही मीच. जिदहफ्स गावात एक म्हातारा शिंपी होता. तो काही त्यांचा पेशंट नव्हता, पण त्याला वाकवत नसे म्हणून त्या दर पंधरा दिवसांनी जाऊन त्याच्या पायांची नखं कापून येत. मी खाली गाडीत बसून धुसफुसायचो. त्या हसत हसत परत यायच्या आणि माझा राग तिथेच बारगळायचा.

दर शुक्रवारी सकाळी माझ्या हॉलमध्ये वर्ग भरे. दहा महिने उलटले तरी माणसं सातच. अशात मनामातल्या सीफ भागातल्या एका कंपनीचे, हिंदी येणारे बहरीनी मॅनेजर वर्ग बघायला येतो म्हणाले. पसंत पडला तर सगळ्या स्टाफचं काम सिस्टरांना मिळणार होतं. व्हिसाचं सगळं त्यावरच अवलंबून होतं.

नेमका आदल्या दिवशी माझा रिपोर्ट आला. सहा वर्षांत पहिल्यांदा साखर आटोक्यात! आता अशी आनंदाची बातमी आली की मराठी माणूस काय करतो? मी पेढे आणले. वर्गात प्रत्येकाच्या तोंडात पेढा असतानाच मॅनेजरसाहेब दारात उभे राहिले.

खलास, मी मनात म्हटलं आणि पेढ्यांचा बॉक्स उशीमागे सरकवला. सिस्टरांनी तो बाहेर काढला. "लपवू नका भाऊ. खुशीचा पेढा आहे, चोरीचा नाही." मग अर्धा पेढा पाहुण्यांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "सर, इनकी शुगर कंट्रोल में आई, तो ये पेढ़ा लेके आए! यल्ला, अब सब चलने जाएँगे." आणि मॅनेजरसाहेबांसकट आम्हा सगळ्यांना त्यांनी अर्धा तास चालवलं.

परत आल्यावर साहेबांनी घाम पुसला आणि पेढ्यांच्या बॉक्सकडे पाहिलं. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मग ते म्हणाले, "सिस्टर, मेरी माँ चार डॉक्टर से खजूर छुपाती है. आपके सामने कोई कुछ नहीं छुपाता. पहले मेरी माँ को देखो, फिर मेरा स्टाफ."

पुढे स्टाफचं काम मिळालं, व्हिसा वाढला. आज सिस्टरांच्या हाताखाली दोन नर्सा आहेत आणि मी निवृत्त होऊन पुण्यात बसलो आहे. त्यांची आठवण आली की मला मात्र त्यांचं ऑफिस दिसत नाही, मॅनेजरसाहेबांच्या आईचं अराद गावातलं ते घर दिसतं. आजींना हिंदी येत नव्हती, सिस्टरांना कामापुरतीच अरबी. सिस्टर त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळत बसल्या. पथ्याचं अवाक्षर काढलं नाही. अर्ध्या तासाने आजींनी उशीखाली हात घातला, खजुराचा डबा काढला आणि मुलाच्या डोळ्यांदेखत सिस्टरांच्या हातात दिला. मुलगा बघतच राहिला. सिस्टर रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या.