नानांनी सही केली नाही

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडला एका साइटवर नालीची लेव्हल घेत होतो. त्यांच्या मुलीनं दोनच वाक्यं सांगितली. मी यवतमाळला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... त्याला आता दीड महिना झाला. हा लेख तेव्हाच लिहिला असता, तर त्यात नुसती नानांची स्तुती आली असती. आता मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार आहे.

नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले ओव्हरसिअर. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा माझ्या अंगात भलतीच मिजास होती. ती त्यांनी उन्हात हिंडवून हिंडवून उतरवली. कुठं ले-आउट पडायचा असला, म्हणजे शेतात घरांचे प्लॉट पडायचे असले, की पावसाचं पाणी कुठून येतं नि कुठं जातं हे आम्ही बघायचो, आणि तेही भर मे महिन्यात. नाना आधी यंत्र पेटीतून काढूच द्यायचे नाहीत. गुराख्याला गाठायचे. "पोळ्याच्या झडीत ढोरं कुठी उभी करतं रे बापा?" जिथं ढोरं उभी राहत नाहीत तिथं घर नको, असा त्यांचा सरळ कायदा. मग बाभळी बघत चालायचे. वरच्या शेतांतल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पुरात वाहून येतात आणि काट्यांत अडकतात. त्या जेवढ्या उंचीवर, तेवढं तिथं पाणी चढलेलं. "पऱ्हाटी खोटं नाई बोलत," असं म्हणून ते तिथं चिंधी बांधायचे.

यवतमाळजवळ लोहारा गावाच्या पुढचा एक ले-आउट हे मला स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं काम. मीच हौसेनं नानांना सोबत नेलं. तिथं पऱ्हाट्या त्यांच्या छातीपर्यंत होत्या. "नाला उघडाच राहू दे," नाना म्हणाले, "मधातले प्लॉट सोडाले सांग." ले-आउटवाले शेठ एकही प्लॉट सोडायला तयार नव्हते, नाला दोन पाइपांत बसवा, म्हणाले. मला पुढची कामं हवी होती. मी आकडेमोड केली आणि नाला दोन पाइपांत बसवला.

"पाणी मावते रे कागदावर," नाना म्हणाले. "पण पऱ्हाट्या कायले पाइपातून जातीन? तोंडाशीच अडकतीन."

अहवालावर मी त्यांचंही नाव घातलं होतं, पण त्यांनी सही केली नाही. मी एकट्यानं केली. भांडण झालं नाही याचंच आज वाईट वाटतं. भांडलो असतो तर कदाचित मी त्यांचं ऐकलं असतं.

तिथं वस्ती झाली. सहा पावसाळे गेले, कुणाच्या घरात थेंब शिरला नाही. दर दिवाळीला फराळाला गेलो की मी डिवचायचो, "काय नाना, कुठाय तुमचं पाणी?" "बरं झालं बापा, नाई आलं तं," म्हणत ते चिवड्याची बशी पुढं सरकवायचे. मला वाटायचं, म्हातारा हरला. किती मूर्ख होतो मी.

पंधरवड्यापूर्वी जोराचा पाऊस झाला आणि खालच्या ओळीतल्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. मी धावत गेलो. पाइपांची तोंडं पऱ्हाट्यांनी गच्च बुजली होती. काठच्या घरातल्या एक बाई चिखल उपसत होत्या. मी इंजिनिअर, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "यंदा ते बाबा काहून नाई आले? दरसाल पाऊस लागला का येत, आकडा घालून पऱ्हाट्या ओढत. आमी म्हणो, बाबा, या वयात कायले करून राह्यले? तं म्हणत, इंजिनेर आपलाच पोट्टा हाय, त्याचं नाव खराब नोको व्हाले."

"नाना गेले," मी म्हणालो. मग तेही सांगून टाकलं, "नाला मीच पाइपांत घातला, बाई. त्यांनी नको म्हटलं होतं." मग मागच्या दाराशी ठेवलेला नानांचा आकडा आणून बाईंनी माझ्या हातात दिला. लांब बांबू, टोकाला वाकवलेली सळई, धरायच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

पाइप काढून नाला उघडा करावा असा अर्ज मी दिला आहे, माझी चूक त्यात लिहून. ते काम होईल तेव्हा होईल. तोवर पाऊस लागला की मी आकडा घेऊन जातो. तासाभरात माझी कंबर धरते. मी चाळिशीचा आहे. नाना पंच्याहत्तरीचे होते.