उलटा फॉर्मा

कपाट आवरताना ती कादंबरी हाती आली. मधली सोळा पानं, एक अख्खा फॉर्मा, बाइंडरने उलटा शिवलेला. अक्षरं खाली डोकं वर पाय.

राष्ट्रीय पुरस्काराचा परीक्षक म्हणून हीच प्रत तीन महिने माझ्या उशाशी होती. बैठकीत मी ठासून म्हणालो होतो, “वीण इतकी घट्ट, की वाचताना कुठे अडखळायलाच होत नाही.” ते वाक्य मानपत्रात गेलं. लेखकांनी उमेदीची वर्षं घालून लिहायचं आणि आम्ही मलपृष्ठ वाचून माना डोलवायच्या!

राहवेना, म्हणून सोबतच्या परीक्षक बाईंना फोन लावला.

“बाई, तुमच्याही प्रतीत एक फॉर्मा उलटा आहे का हो?”

“थांबा हं, बघते,” त्या म्हणाल्या. आणि पलीकडून पुस्तकावरचं प्लास्टिक टरकन फाडल्याचा आवाज आला.