मरळीचा ठसा

चित्रकलेच्या शिक्षकाला गावात कोण हिंग लावून विचारतो? आणि मला तर विचारावं याची भारी हौस. कोल्हारच्या शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एका जुन्या मासिकात वाचलं की जपानी लोक खऱ्या माशाला शाई लावतात, वर पातळ कागद दाबतात आणि माशाचा हुबेहूब ठसा उतरवतात. झालं, डोक्यात भुंगा शिरला.

साल दुष्काळाचं. प्रवरा आटून डोहाडोहांत उरली होती. माझ्या शेजारी भोईबाबा राहायचे, मासे धरणारे. त्यांची लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली. तिला डोहाळे लागले मरळ माशाचे. दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं. बाबा तीन दिवस डोहावर बसले आणि चौथ्या दिवशी सकाळी हातभर लांब मरळ घेऊन आले. मी त्यांना वाटेतच गाठलं, अर्ध्या तासासाठी द्या म्हटलं. त्यांच्या मनात नव्हतं, पण शाळेच्या गुरुजींना नाही कसं म्हणणार?

"लेकीसाठी हाय, गुरुजी," एवढंच म्हणाले आणि मरळ माझ्या हातात दिली.

मासिकात स्पष्ट लिहिलं होतं, शाई काजळीची घ्यावी, म्हणजे मासा धुऊन खाता येतो. तशी शाई मी खलून ठेवलीही होती. पण ठसा फिकट उठला, खवले दिसेनात. मला कुठला दम निघतोय! नगरहून आणलेली छापखान्याची शाई कपाटात होती, ती चोपडली. आता काय ठसा उठला म्हणता! खवला न् खवला मोजून घ्या. मी माझ्यावरच खूश.

मग धुवायला बसलो. पाण्यानं जाईना, साबणानं जाईना. अक्कल गहाण पडलेली, शेवटी रॉकेलचा बोळा फिरवला. शाई बरीचशी गेली, वास मात्र मांसात मुरला. बाबांच्या बायकोनं कातडं सोलून, मसाला जास्त घालून कालवण केलं. पोरीनं घास तोंडाशी नेला आणि वासानंच तिला भडभडून उलटी झाली. सगळं कालवण उकिरड्यावर गेलं. पुढं डोह आटले, मरळ काही मिळाली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो. सोबत ठसा नेला होता, काय म्हणून नेला देव जाणे. पोर भिंतीला टेकून बसली होती. तिनं तो हातात घेऊन नीट पाहिला. लई झ्याक उठलाय म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं विचारलं, "गुरुजी, जपानची मानसं मासा मग टाकूनच देत्यात का?"

"नाही. धुऊन खातात."

"मंग आपलाच का नासला?"

बाबांनाच माझी दया आली असावी.

"अगं, गुरुजींना तरी काय म्हाईत, कोन्ती शाई लावत्यात ते," ते म्हणाले.

आणि मी मान हलवली. खरंच, मला माहीत नव्हतं, अशी.