काळीची अकरा अंडी

सासूबाई परंड्याला नणंदेकडे गेल्या तेव्हा त्यांची काळी कोंबडी अकरा अंड्यांवर बसून चार दिवस झाले होते. नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे महिनाभर तरी त्या येणार नव्हत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला परसात नेऊन कोंबडीच्या पाटीसमोर बसवलं आणि रवणाचं, म्हणजे अंडी उबवण्याचं, सगळं समजावून सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मला लिहिल्याशिवाय काम सुचत नाही. शाळेत लिपिक म्हणून वीस वर्षं झाली, घरातही स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो.

कागदावर एवढं होतं. काळी आपणहून उठत नाही, तिला रोज सकाळी उचलून खाली ठेवायचं. पाणी पाजायचं, ज्वारीची कणी टाकायची, पाव तासानं परत बसवायचं. कोळशाची रेघ नसलेलं अंडं दिसलं तर ते दुसऱ्या कोंबडीनं, तांबडीनं, घुसून घातलेलं, काढून घ्यायचं. पाटीतली लाल मिरची आणि लोखंडाचा तुकडा हलवायचा नाही, वीज कडाडली की अंडी बाद होतात. आणि पाटी जागची हलवायची नाही.

मिरचीचं मला पटलं नव्हतं, पण मी ती ठेवली. पाटीचं पटलं नव्हतं, आणि तिथं मी माझ्या मनासारखं केलं. रवणाच्या पंधराव्या दिवशी कडुलिंबाच्या फांदीवरून मांजर उतरताना दिसलं. लिंबाखालची पाटी मी उचलून सरपणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, समोर फळी लावली. काळी जरा फुगली, कुरकुरली, आणि परत बसली. मला वाटलं, एवढंच होतं.

एप्रिल होता. नळदुर्गात त्या दिवसांत दहा वाजल्यानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी सकाळी साडेसहाला जळकोटला शाळेत निघत होते, परीक्षा चालू होत्या, आणि शेडमध्ये माझं जाणं फक्त सकाळी व्हायचं.

सतराव्या दिवशी सकाळी पेपरचे गठ्ठे लवकर पोचवायचे होते. मी चहा टाकता टाकता कागदावरच्या सगळ्या कामांपुढे खुणा केल्या. ही माझी जुनी सवय आहे. खूण केली की काम डोक्यातून उतरतं आणि हात मोकळा होतो. एरवी ते काम पुढच्या दहा मिनिटांत होतंच. त्या दिवशी सहासीटरवाल्यानं दारात हॉर्न वाजवला. मी गेले. संध्याकाळी आले तेव्हा कागदावर ‘काळीला पाणी’ यापुढे खूण होती, म्हणून मी शेडकडे गेले नाही.

अठराव्या दिवशी सकाळी गेले. काळी अंड्यांवरच होती. पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, चोच उघडी, मान पाटीच्या काठावर. मी उचलली तेव्हा ती हलकी लागली, आणि तिच्या पोटाखालची अंडी गरम होती. कोंबडी मेली होती आणि अंडी गरम होती, एवढंच मला त्या वेळी नीट कळलं. मी शाळेत फोन करून दोन तास उशीर होईल म्हणून सांगितलं.

नवरा दात घासत बाहेर आला. “काय झालं?”

“काळी गेली.”

“साप?”

“न्हाय. तहान.”

त्यानं चूळ भरली. मग म्हणाला, “आईला काय सांगणार?”

“आधी अंडी बघते. तुम्ही हिला पुरा. खोल खणा, कुत्री उकरतील.”

त्यानं कुदळ घेतली. मी पातेल्यात कोमट पाणी घेतलं. शेवटच्या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडली की आत पिल्लू जिवंत असलेलं अंडं पाण्यावर थरथरतं, हे सासूबाईंनीच एकदा दाखवलं होतं. एकेक अंडं सोडलं. दोन नुसती तरंगत राहिली. नऊ हलली. एक तर असं गरकन फिरलं की माझा हात मागे आला.

म्हणजे नऊ पिल्लं जिवंत होती, त्यांना अजून तीन दिवस पाहिजे होते, आणि त्यांच्यावर बसायला कोणी नव्हतं. उन्हात त्यांचं भागलं असतं, पण पहाटेचा गारवा त्यांना सोसला नसता. संध्याकाळच्या आत खुडूक, म्हणजे रवणाला बसू पाहणारी, कोंबडी मिळवायची होती. तांबडी रोज अंडं देत होती, ती बसायची नाही. मी पुसलेली अंडी जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून पाटीत ठेवली आणि शेजारच्या खालांकडे गेले.

खाला शिवणकाम करतात. त्यांच्या अंगणात मशीन कडुलिंबाखालीच असतं. मशीनच्या पायाला एका दोरीनं त्यांची कवडी कोंबडी बांधलेली होती, पोटाखालची पिसं ओली.

“खाला, ही खुडूक आहे ना?”

“व्हय, मोडायलेय मी तिची खुडूक. तीन दिस झाले, बादलीत बुडवून काढायलेय. रांड उठतच न्हाय! अंडी देणं बंद, खाणं चालू. तू सकाळी सकाळी पाटी घेऊन कुठं?”

मी सांगितलं. पाटी हलवल्याचं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. खाला मशीन थांबवून ऐकत होत्या.

“या अल्ला! पत्र्याखाली? एप्रिलात?” त्यांनी कपाळावर हात मारला. “तुझ्या सासूनं सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं होतं. लिहून घेतलं होतं.”

“लिहून घेतलं, मग काय राह्यलं! कागदानंच पाजलं असंल पाणी.”

खालांनी स्वेटर बाजूला करून एक अंडं कानाशी धरलं.

“बोलायलंय आत,” त्या म्हणाल्या. “पण पोरी, हिला मी सकाळीच बुडवलीय. खुडूक मोडली असंल तर बसायची न्हाय. आणि अजून एक. बसली तर इथंच बसंल. पाटी माझ्या घरातून हलायची न्हाय.”

“न्हाय हलवणार.”

“आता म्हणतीस.”

त्यांच्या कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटी ठेवून भुसकट पसरलं, अंडी मांडली. दोन बाद अंडी मी आधीच काढली होती. खालांनी कवडीची दोरी सोडली, तिचं पोट पदरानं पुसून कोरडं केलं आणि तिला पाटीत ठेवलं. ती उठली. परत ठेवली. पाटीच्या काठावर चढून उभी राहिली आणि आमच्याकडे बघत राहिली.

“बघ, मोडलीच मेली,” खाला म्हणाल्या. “मीच शहाणी. एक दिस थांबले असते तर!”

मी घड्याळ बघितलं. मला नऊला शाळेत पोचायचं होतं. मी तिथंच उभी राहिले. खालांनी दार लोटून घेतलं आणि आम्ही बाहेरच्या दगडावर बसलो. त्या ब्लाऊजला हूक लावत राहिल्या. अर्ध्या तासानं त्यांनी फटीतून डोकावून बघितलं आणि हातानंच मला बोलावलं. कवडी बसली होती. तिनं चोचीनं एक अंडं आत ओढून घेतलं, पिसं फुगवली आणि डोळे अर्धवट मिटले.

त्या दुपारी शाळेतून मी सासूबाईंना फोन केला. घरी जाईपर्यंत थांबले असते तर कदाचित मी गोष्ट थोडी बदलली असती.

“आत्याबाई, काळी मेली.”

“कशानं?”

“पाटी मी शेडमध्ये ठेवली होती. एक दिवस पाणी पाजायचं राहिलं.”

पलीकडे नणंदेच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता.

“अंडी?”

“नऊ हायत. खालांच्या कवडीखाली ठेवलीत.”

“बसली का?”

“बसली.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली, दुसऱ्या दिवशी सातवं. उरलेल्या दोनांपैकी एकाला टोच पडली होती, पण ते बाहेर आलं नाही. खालांनी मला फोडू दिलं नाही. मदत केलेलं पिल्लू जगत नाही म्हणाल्या. मधले तीन दिवस मी सकाळी साडेपाचलाच त्यांच्याकडे जात होते. काम काही नव्हतं. कवडी पाणी प्यायला स्वतः उठायची. मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि ती उठून परत बसली की निघायचे.

सासूबाई आल्या तेव्हा पिल्लं पंधरा दिवसांची होती. त्या घरात न येता पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आधी खालांच्या अंगणात गेल्या. पिल्लं मोजली, सात. कवडीनं पंख पसरून सासूबाईंच्या पायाच्या बोटाला चोच मारली.

“बया! चांगली तिखट हाय,” त्या म्हणाल्या.

“घेऊन जा तुझी पिल्लं,” खाला म्हणाल्या.

“आत्ता नेली तर मरतील. आई हाणून लावंल तवा नेऊ.”

घरी आल्यावर त्यांनी शेड बघितली, तिथली फळी उचलून सरपणात टाकली. जेवताना म्हणाल्या, “पुढल्या रवणाला पाणी मी पाजीन.” मी बरं म्हटलं.

जूनच्या शेवटी कवडीनं पिल्लांना टोचून दूर केलं. तोवर एक घारीनं नेलं होतं आणि एक आजारी पडून गेलं होतं. पाच तलंगी, कोवळ्या कोंबड्या, उरल्या होत्या, त्यांतल्या दोन अगदी काळ्या. आम्ही त्यांना डालग्यात घालून घरी आणलं, दोन दिवस कोंडून ठेवलं, मग सोडलं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या भिंतीवरून उडून खालांच्या कोठीत जाऊन बसल्या. सासूबाई डालगं घेऊन गेल्या, त्यांना घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं आठवडाभर चाललं. आठव्या दिवशी संध्याकाळी मी डालगं घेऊन निघाले तर सासूबाईंनी मला थांबवलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “जिथं अंगाखाली निघाल्या, तिथंच जाणार त्या.”

पाचही तलंगी अजून खालांकडेच मुक्कामाला असतात. दिवसा आमच्या परसात चरतात.